पेटीतली कागदं लॅमिनेट करू नको, आधी हे वाच

पत्र:

"काका, नमस्कार. मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या मूल तालुक्यातल्या एका खेड्यातली. इतिहासात बीए झालं, सध्या कंत्राटावर सरकारी कागदं स्कॅन करायचं काम करून राहिली. पुराभिलेखाचा, म्हणजे आर्काइव्ह्जचा कोर्स असतो असं मैत्रिणीनं सांगितलं. त्यात सुरुवातीला नेमकं शिकवतात काय? धूळ झटकणं अन् याद्या करणं एवढंच असेल तर ते मी आताही करतेच. बाबा म्हणतात, रद्दी सांभाळाले दिल्लीले जाते का कोनी. दुसरं असं की आमचे पणजोबा मालगुजाराकडे, म्हणजे गावचा सारा वसूल करणाऱ्या मालकाकडे, दिवाणजी होते, त्यांची लोखंडी पेटी माळ्यावर सापडली, आत नुसती कागदं. ती सगळी तारखेप्रमाणं लावून लॅमिनेट करावी म्हणते. दुकानवाला पानाचे वीस रुपये सांगतो. करू का?"

पोरी, आधी तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण कोर्सला वेळ आहे, पेटीला नाही. लॅमिनेट करू नको. दुकानातलं लॅमिनेशन म्हणजे गरम प्लास्टिक दोन्ही बाजूनं कागदाला चिकटवून टाकणं, ते पुन्हा निघत नाही, अन् कागदातलं आम्ल आतल्या आत कागद खात राहते, वरून मात्र चकचकीत दिसते. जतनाच्या तासाला शिकवतात ते हेच, की जे केलं ते उद्या कागदाला धक्का न लावता काढता आलं पाहिजे, नाही तर हात लावू नका. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातसुद्धा एके काळी कागदावर सेल्युलोज अ‍ॅसिटेटची पातळ फिल्म चढवायचे, मशीनची उष्णता नको म्हणून १९५० च्या दशकात त्यांनी हातानं अ‍ॅसिटोन लावून करायची रीत काढली, पण ती अ‍ॅसिटोनमध्ये परत सुटते तरी. आता जपानी टिश्यू, म्हणजे पातळ पण चिवट कागद, अन् खळ यांवर जास्त भर असतो. तुझ्या दुकानवाल्याचं प्लास्टिक कशातच सुटणार नाही.

अन् तारखेप्रमाणंही लावू नको. हे ऐकून तुला वाटेल काका आळशी आहे, पण कोर्सचे पहिले पंधरा दिवस याच एका गोष्टीत जातात, म्हणून जरा निवांत सांगतो.

माझी चूक ऐक. अभिलेखांच्या नोकरीत लागायच्या आधीची गोष्ट आहे, मी तेव्हा तुझ्याएवढाच होतो, एका तालुक्याच्या गावी एका वाचनालयाला कापसाच्या व्यापाऱ्याच्या घरचे गठ्ठे दान आले होते. मले सांगितलं नीट लावून दे. मी दोन महिने उन्हाळ्यात घाम गाळून पत्रं एकीकडं, पावत्या एकीकडं, हिशेबाच्या चिठ्ठ्या एकीकडं, अन् प्रत्येक ढीग तारखेवार, असं सुंदर काम केलं की सगळे खुश. दोन वर्षांनी एक अभ्यासक आला, त्यानं एक चिठ्ठी माझ्यापुढं धरली. तीत एकच ओळ होती, "वरील पत्रात लिहिल्याप्रमाणे बैलजोडी परत केली." अन् मले विचारते, वरील म्हणजे कोणतं पत्र? चिठ्ठीच्या कोपऱ्यात टाचणीच्या गंजाचे दोन लाल ठिपके होते. ती टाचणी मीच काढली होती. पत्र कुठल्या तरी ढिगात होतं, त्यालाही गंजाचे ठिपके असतीलच, पण तसे ठिपके चारशे कागदांना होते. बैलजोडी कोणाची, काहून परत केली, कर्जात गेली होती की आजारी होती, ते कायमचं गेलं. कागद एकही हरवला नव्हता, पण गोष्ट हरवली.

हे जगात सगळ्यांनी आधी चुकून मगच शिकलेलं आहे. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर अभिलेखागारात कागद विषयवार लावायचा खटाटोप झाला, मग १८४१ साली सरकारी परिपत्रक निघालं की एका कार्यालयाचे, एका घराण्याचे, एका संस्थेचे कागद एकत्र ठेवा, दुसऱ्यांच्यात मिसळू नका. प्रशियात १८८१ साली त्याच्या पुढं गेले, ज्यानं कागद तयार केले त्यानं ज्या क्रमानं ठेवले तोच क्रम ठेवा. १८९८ साली तिघा डच अभिलेखपालांनी हे सगळं नियम करून लिहून काढलं, अन् ते जगभर चाललं. मराठीत याला उगमतत्त्व अन् मूळक्रम म्हणता येईल, वर्गात मात्र प्रोव्हेनन्स अन् ओरिजिनल ऑर्डर हेच शब्द कानावर येतील. पुस्तकालयात अन् अभिलेखागारात फरक इथंच पडतो. पुस्तक विषयानं लावतात, एक हरवलं तर दुसरी प्रत मिळते. कागद एकच असते, अन् त्याचा अर्धा अर्थ शेजारच्या कागदात असते.

हे नुसतं तत्त्वज्ञान नाही, शोधायला कामी पडते. समज, तुला तुमच्या गावच्या मामा तलावाचा कागद पाहिजे. मामा म्हणजे माजी मालगुजारी हे तुला माहीतच आहे, पण शहरातले वाचक हसतात म्हणून सांगितलं. नवशिका "तलाव" या विषयाखाली शोधते अन् रिकाम्या हातानं येते. कोर्स केलेला माणूस उलटं विचारते, त्या काळी तलावाचं काम कोणाकडं होतं? १८५३ पर्यंत तुमचा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा, मग इंग्रजांचा, १८६१ पासून मध्य प्रांत, त्याच दशकात बंदोबस्त, म्हणजे जमिनीची मोजणी अन् साऱ्याची ठरवणूक, होऊन मालगुजाराला मालकी मिळाली, म्हणून तलावाचा रोजचा कागद सरकारात नाही, तो मालगुजाराच्या घरी, म्हणजे कदाचित तुमच्या माळ्यावर. सरकारकडं सापडंल तो बंदोबस्ताचा कागद अन् वाजीब-उल-अर्ज, ज्यात गावाच्या वहिवाटी लिहिलेल्या असतात. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली अन् तलाव सरकारजमा झाले, मग पुढचा कागद वेगळ्या खात्यात. १९५६ ला आपण मुंबई राज्यात, १९६० ला महाराष्ट्रात. अन् तेच वऱ्हाडातलं गाव असतं तर १८५३ च्या आधीच्या कागदासाठी निजामाच्या दप्तराकडं, हैदराबादकडं तोंड करावं लागलं असतं, कारण वऱ्हाडाची वाटच वेगळी. म्हणजे विदर्भाचा इतिहास पाठ करायचा तो परीक्षेसाठी नाही, कोणत्या कपाटापुढं उभं राहायचं ते कळावं म्हणून.

आता दुसरा मोठा विषय, अन् तो बाबांना जरूर सांगजो. या कोर्समध्ये फेकायला शिकवतात. खरंच. त्याला मूल्यमापन म्हणतात. सगळं ठेवायचं म्हटलं तर तहसील कचेरीला दर दहा वर्षांनी नवीन बिल्डिंग बांधावी लागंल. तू जिथं काम करते तिथं सहा गठ्ठा पद्धत ऐकली असशील, प्रलंबित प्रकरणं, उत्तराची वाट पाहणारी, नियतकालिकं, स्थायी आदेश, रेकॉर्ड रूमला पाठवायची अन् नष्ट करायची. ती बाबू लोकांना कटकट वाटते, पण अभ्यासक्रमात ज्याला अभिलेखाचं जीवनचक्र म्हणतात ते दुसरं काही नाही, हेच ते. अन् रेकॉर्ड रूममध्ये अ, ब, क, क-१, ड असे वर्ग, अ कायमचा, ब तीस वर्षं, क दहा, क-१ पाच, ड एक वर्ष. आता यातलं कोणतं कशात टाकायचं हे ठरवणार कोण, यावर शंभर वर्षांपासून भांडण चालू आहे. इंग्लंडचे अभिलेखपाल जेन्किन्सन म्हणायचे अभिलेखपालानं निवड करायचीच नाही, तो राखणदार आहे, निवडायला लागला की त्याची आवड कागदात घुसते. अमेरिकेत शेलेनबर्ग म्हणाले कागदांचा डोंगर झाला बाप्पा, निवडावंच लागंल, अन् कार्यालयाला लागणारं मूल्य वेगळं, पुढं अभ्यासकाला, नागरिकाला लागणारं मूल्य वेगळं, ते पाहून निवडा. मी आयुष्यभर शेलेनबर्गच्या बाजूनं काम केलं, अन् मनातून जेन्किन्सनला घाबरलो.

कारण शाळेचं दाखलखारीज रजिस्टर बघ, पोरं शाळेत आली-गेली ते लिहायचं. १९४० साली गुरुजींनं ते पोरं मोजायला लिहिलं, जात लिहायचा रकाना होता म्हणून जात लिहिली, त्याच्या मनात दुसरं काही नव्हतं. आज जात पडताळणीला गेलं की अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७, या तारखांच्या आधीचा पुरावा मागते. अन् मग लोकं त्या रजिस्टरसाठी, कोतवाल बुकाच्या एका ओळीसाठी चार चार चकरा मारतात. कोतवालानं जन्ममृत्यू लिहिला होता, त्यानं काही कोणाच्या पणतवाच्या मेडिकल अ‍ॅडमिशनची सोय करून ठेवली नव्हती. अभिलेख म्हणजे हेच, काम करता करता सहज उरलेला कागद, अन् मुद्दाम इतिहासासाठी लिहिला नाही म्हणूनच त्याच्यावर भरवसा बसते. वनहक्क कायदा २००६ चे दावे पाहा, तिथंही जुने बंदोबस्त अहवाल, निस्ताराचे, म्हणजे जंगलातून लाकूड-चारा घ्यायच्या हक्काचे, कागद, गॅझेटिअर पुरावा म्हणून चालते. तुमच्या शेजारच्या गडचिरोलीत ग्रामसभा दावे घेऊन उभ्या राहिल्या तेव्हा जुन्या कागदाची किंमत कळली सगळ्यांना. बाबांनी कधी जातीची व्हॅलिडिटी काढली असेल तर त्यांना विचार, कोणती रद्दी जोडली होती.

कायदे थोडक्यात सांगतो, कंटाळवाणे आहेत पण पेपरात येतात. केंद्राचा सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३ चा, महाराष्ट्राचा २००५ चा. केंद्राच्या कायद्यात पंचवीस वर्षांपेक्षा जुना सरकारी कागद मनानं नष्ट करता येत नाही, अन् १८९२ च्या आधीचा तर वाचण्यापलीकडं गेला असला तरच. माहिती अधिकाराचं पहिलंच कर्तव्य, कलम ४, हेही सांगते की कार्यालयानं आपले अभिलेख सूची करून, अनुक्रमणी लावून ठेवावे. किती ठिकाणी ठेवतात ते तू रोज पाहूनच राहिली, मी काही बोलत नाही.

याद्या करणं एवढंच का, असं तू विचारलं. याद्या हा अर्धा कोर्स आहे अन् त्या तुला वाटते तशा नाहीत. आंतरराष्ट्रीय अभिलेख परिषदेचं वर्णनाचं एक मानक आहे, त्यात सव्वीस घटक, पैकी सहा तर पाहिजेच: संदर्भ क्रमांक, शीर्षक, कोणी निर्माण केलं, तारखा, किती आहे अन् कोणत्या पातळीचं वर्णन आहे. पातळी म्हणजे आधी सगळी पेटी, मग पेटीतला गठ्ठा, म्हणजे बस्ता, मग गठ्ठ्यातली फाइल, मग लागलाच तर एकेक कागद. वरून खाली यायचं. नवीन पोरं उलटं करतात, पहिल्या दिवशी पहिला कागद घेऊन त्याचा अर्धा पान सारांश लिहितात, अन् तीन महिन्यांनी बाराव्या कागदावर थकून काम सोडतात. तुझ्या पेटीचं मी असं लिहीन, "मालगुजाराच्या दिवाणजीचे कागद, मौजा अमुक, चांदा जिल्हा (आताचा चंद्रपूर), एक लोखंडी पेटी, पाच बस्ते, मराठी, मोडी व उर्दू." चांदा काहून? कारण कागदावर चांदा असेल, चंद्रपूर नाव १९६४ च्या सुमारास आलं. आपण कागदाचं नाव सुधारायचं नाही, शेजारी लिहायचं. एखादं गाव आता गडचिरोलीत गेलं असेल तर तेही शेजारीच, तो जिल्हा १९८२ ला झाला.

मोडीवरून आठवलं, ती येत नसेल तर शिकून घे. राज्याचं पुराभिलेख संचालनालय अधूनमधून मोडीचे वर्ग घेते. मोडी वाचता येणारं माणूस आपल्याकडं आता कमी उरलं, कोर्समध्ये मात्र लिपी शिकवत बसत नाहीत, ती तुझी तू.

जतनाचा भाग तुला आवडंल, कारण त्यात हातानं काम आहे. कागद कशानं मरते हे आधी शिकवतात, मग औषध. वर्तमानपत्राचा कागद पिवळा पडून तुटते तो लाकडातल्या लिग्निन नावाच्या द्रव्यामुळं. हिरडा अन् हिराकस घातलेली लोखंडी शाई कागद जाळते, अक्षराच्या जागी भोकं दिसतात, काजळाची शाई कागद खात नाही पण ओल्या फडक्यानं फैलते. म्हणून ओलं फडकं लावू नको. कागद ठेवायला साधारण बावीस ते पंचवीस डिग्री तापमान अन् पंचेचाळीस ते पंचावन्न टक्के आर्द्रता सांगतात. आपल्याकडं मे महिन्यात पंचेचाळीस डिग्री अन् श्रावणात भिंतीला ओल, हे ऐकून वर्गातले दिल्लीचे लोकं हळहळतात, पण एसी नाही म्हणून काहीच करता येत नाही असं नाही. पेटी माळ्यावरून खाली आण, माळ्यावर कवेलूच्या खाली सगळ्यात जास्त तापते. जमिनीवरही ठेवू नको, उधई खालूनच येते, पाट किंवा विटा ठेवून त्याच्यावर, भिंतीपासून वीतभर दूर. सुतळी करकच्चून बांधलेली असेल तर सोडव, कडा कापल्या जातात. गंजकी टाचणी काढायचीच असेल तर कशाला कशाशी लावली होती ते आधी पेन्सिलीनं लिही, माझं झालं ते तुझं होऊ नये. पेननं कागदावर काहीच लिहायचं नाही. सेलोटेप नाही, फेविकॉल नाही. धुतलेल्या मांजरपाटात बांध, नवा मांजरपाट तसाच वापरू नको, त्याला खळ असते अन् कसरीला खळ फार आवडते. निंबाचा पाला टाकायचा तर कागदाला लागू देऊ नको, डाग पडतात.

स्कॅनिंग तू करतेच, तर एवढंच की स्कॅन म्हणजे जतन नाही. मूळ स्कॅनची टिफ फाइल वेगळी ठेवायची, वापरायला पीडीएफ वेगळी, अन् प्रती दोनपेक्षा जास्त, त्यातली एक घराबाहेर. फाइलचं नाव "स्कॅन००१" ठेवलं की ते पाच वर्षांनी परत कागदाच्या ढिगासारखंच होते. राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल नावाचं पोर्टल फुकट आहे, त्यावर एखाद्या फाइलचं वर्णन कसं लिहिलं आहे ते पाहा, अर्धा कोर्स तिथंच दिसंल.

एक गोष्ट मात्र मशीन सांगणार नाही. दिवाणजीच्या पेटीत कोणाकोणाकडं किती कर्ज, कोणी वेठ केली, कोणाच्या बायकोचं डोरलं गहाण, असं सगळं असू शकते, अन् ती नावं तुमच्या गावातल्या घरांचीच आहेत. जातीवाचक शब्दही असतील. ते खोडायचं नाही, कापायचं नाही, पण व्हॉट्सअ‍ॅपवर टाकायचंही नाही. कोणाला काय दाखवायचं, केव्हा दाखवायचं, हा वर्गात वेगळा विषय असते, अन् मी तर म्हणतो सगळ्यात अवघड तोच. तलावाच्या पाण्याच्या पाळीचा कागद गावापुढं मांड, गहाणाचा सध्या पेटीत राहू दे, त्या घरच्यांनी विचारलं तर त्यांना दाखव.

कोर्सचं म्हणशील तर दिल्लीत राष्ट्रीय अभिलेखागाराची शाळा आहे, १९७६ साली सुरू झाली, एक वर्षाचा डिप्लोमा अन् काही आठवड्यांचे छोटे सर्टिफिकेट कोर्सेस, दुरुस्तीचे, जतनाचे, रेकॉर्ड मॅनेजमेंटचे. डिप्लोमाला पात्रता जास्त मागतात, जाहिरात नीट वाचजो. माझं ऐकशील तर आधी छोटा कोर्स कर, एमए लाव, मग डिप्लोमा. सरकारी जागा थोड्या निघतात हे खरं सांगतो, बाबांची काळजी अगदीच खोटी नाही. पण कोर्टं, बँका, विद्यापीठं, कंपन्या, सगळीकडं कागद अन् आता फाइली तुंबल्या आहेत, अन् लावायला माणूस नाही. नागपूरलाच विदर्भाचं अभिलेखागार आहे, एक दिवस काढून जा, वाचनकक्षात बैस, फाइल कशी मागवतात, कशी आणून देतात, परत कशी घेतात ते पाहा. आवडलं तर फॉर्म भर, कंटाळा आला तर नको भरू.

अन् आज संध्याकाळी एक कर. पेटी सापडली त्या दिवशी तू थोडीफार चाळली असशीलच. सगळ्यात वर कोणता कागद होता, कोणता बस्ता कोणत्या रंगाच्या फडक्यात होता, कोणता खाली दबला होता, आठवते तेवढं आत्ताच वहीत लिहून काढ. आईलाही विचार, पेटी उतरवायला तीही असेल.